घर रविवारी बघू नका

घर बघायला आपण बहुधा रविवारी जातो. रस्ते मोकळे असतात, घरातले सगळे बरोबर असतात, सॅम्पल फ्लॅटमध्ये एसी लावलेला असतो. आम्हीही असेच काही रविवार फिरलो आणि कोथरूडचा दोन खोल्यांचा फ्लॅट विकून गावाबाहेर मोठा घेतला. 2021 साली पुणे महापालिकेत 23 गावे आली, त्यांतल्याच एका गावात. मुलाला अभ्यासाची खोली हवी होती, यांना डोंगर दिसणारी बाल्कनी आणि हक्काचे पार्किंग, मला ऐसपैस स्वयंपाकघर. ते सगळे मिळाले. सासूबाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “तुम्ही जिथे, तिथे मी.”

कोथरूडमध्ये सासूबाईंचा दिवस पायी चालायचा. सकाळी मृत्युंजयेश्वर, येताना भाजी, भाजीवालीशी दहा मिनिटे बोलणे. गुरुवारी भजनी मंडळ, महिन्याला भिशी. बीपीच्या गोळ्या संपत आल्या की औषधवाला स्वतःच आठवण करायचा. नव्या ठिकाणी लिफ्ट होती, बाग होती, बागेत बाकही होते. पण फाटकाबाहेर पाऊल टाकले की डंपरचा रस्ता. फुटपाथ नाही, ओलांडायला सिग्नल नाही, आणि ओलांडून जायचे तरी कुठे, पलीकडे दुसरे बांधकाम. सकाळी सातला नेसून तयार असणारी बाई दुपारपर्यंत गाऊनमध्ये बसू लागली. तक्रारीचा एक शब्द नाही. साखर वाढली म्हणून डॉक्टरांकडे नेले, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “आजी, चालणं बंद झालं का?” आमच्या लक्षात यायला हवे होते ते डॉक्टरांच्या लक्षात आले.

दुसरी गोष्ट पाण्याची. फ्लॅट दाखवणाऱ्या माणसाने “आता हद्दीत आलंय, पाणी येईलच” असे सांगितले होते. हद्दीत येणे आणि नळाला पाणी येणे यांत किती वर्षे जातील हे कोणीच सांगू शकत नाही. पुण्याच्या कडेच्या अनेक प्रकल्पांत परवानगी घेताना बिल्डरने हमीपत्र दिलेले असते की पालिकेचे पाणी मिळेपर्यंत पाण्याची सोय तो करील. सोसायटी स्थापन झाली, बिल्डर बाजूला झाला, की त्या टँकरचे पैसे रहिवाशांच्या मेंटेनन्समध्ये येतात. आमचेही तसेच झाले. एप्रिल-मेमध्ये बोअर आटायचे, टँकरची रांग लागायची आणि बैठकीत पाण्यावाचून दुसरा विषय नसायचा.

आता नात्यातले कोणी घर बघायला निघाले की मी त्यांना आधी एक कागद घ्यायला सांगते. खोल्या किती, मजला कितवा, हे त्यावर लिहायचे नाही. घरातल्या प्रत्येकाचा साधा मंगळवार लिहायचा: किती वाजता कुठे जातो, कशाने जातो, दिवसभरात कोणाशी बोलतो. मग बघायचे की नव्या जागी त्यातले काय उरते आणि काय तुटते. हे करताना मत सगळ्यांचे घ्यावे, पण ज्याचे सर्वांत जास्त तास त्या घरात जाणार त्याच्या मताला जास्त वजन द्यावे. बहुतेक घरांत पैसे भरणारा माणूस घर निवडतो आणि तोच दिवसाचे बारा तास बाहेर असतो. हे मला मनापासून चुकीचे वाटते. “मला काहीही चालेल” म्हणणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तर पुन्हा विचारावे, आणि शक्य असेल तर त्या रस्त्यावर बरोबर चालवून बघावे.

जागा बघायला कामाच्या दिवशी जा. सकाळी नऊला तिथून निघून ऑफिस गाठा, संध्याकाळी साडेसहाला परत या. सोसायटी वसलेली असेल तर गेटवर टँकरची नोंदवही असते. वॉचमनशी दोन शब्द बोललात तर तो सांगतो. गेल्या वर्षीचा ताळेबंद मागा आणि पाण्यावर किती खर्च झाला ते बघा. पावसाळ्यात एकदा तरी जाऊन या. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने अरण्येश्वर, सहकारनगर भागांत काय केले, 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी कसे शिरले, हे पुणेकर विसरलेले नाहीत. नदीकाठी निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, लाल रेषा 100 वर्षांतल्या. आपली इमारत कुठल्या रेषेच्या आत आहे हे विचारायला संकोच कसला? ओढा कुठून वाहायचा हे मात्र जुन्या गावकऱ्याला विचारा.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. बांधकाम चालू असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक घेऊन संकेतस्थळावर मंजूर नकाशे आणि ताब्याची तारीख स्वतः वाचा. करार नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. दर चटई क्षेत्रावर काढून तुलना करा. भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर ताबा घेऊ नका.

आणि जमत असेल तर आधी त्याच भागात भाड्याने राहा. घर घेतल्यावर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी यांत किमतीच्या सहा-सात टक्के जातात, ते परत मिळत नाहीत. त्या मानाने भाडे आणि टेम्पोचा खर्च काहीच नाही. आम्ही आता मोठा फ्लॅट भाड्याने दिला आहे आणि स्वतः कोथरूडला भाड्याने राहतो. खोल्या लहान आहेत, मुलगा अभ्यासाला वाचनालयात जातो, सासूबाई देवळात जातात. भाडेकरार कितीही महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे, तेव्हा त्यावर अडून राहा. करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. शाळेच्या सोयीने जूनमध्ये सुरू केलात तर मे महिना बघायचा राहतो, ऑगस्टमध्ये केलात तर जुलै. मार्च-एप्रिलमध्ये सुरू करा, म्हणजे त्या भागाचा उन्हाळाही कळेल आणि पावसाळाही.