छापलेल्या आकड्याची शहानिशा

जुन्या बुलेटचा अमाल मोनोब्लॉक कार्ब्युरेटर नव्याने बांधू पाहणाऱ्या मंडळींना दोन हिताच्या गोष्टी सांगाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे असे म्हणणे सभ्यपणाचे ठरले असते. परंतु पुण्याच्या नाना पेठेतील एका पेढीवर माझी जी संभावना झाली तिचा सल अद्याप गेलेला नाही, आणि ज्या पेढीवाल्याने प्रथम पेट्रोलला, मग माझ्या मिस्त्रीच्या हाताला आणि अखेरीस माझ्या वयाला दोष दिला, त्याचे म्हणणे साफ खोटे होते हे चारचौघांत नमूद केल्यावाचून मला राहवत नाही.

निडल वर्षानुवर्षे घासून निडल जेटाचे भोक लंबगोल झाले होते, सबब संपूर्ण किट घेतले. पाकिटावर इंग्लंडचा ध्वज, आत चकचकीत पितळ, आणि वर पेढीवाल्याची तोंडी हमी, "ओरिजनल आहे काका, डोळे मिटून बसवा." गाडी सुरू झाली, आयडलला शांत राहिली, पूर्ण थ्रॉटललाही तिची तक्रार नव्हती, मात्र मधल्या पट्ट्यात, जिथे बुलेटचे बहुतेक आयुष्य जाते, ती भकभकू लागली, प्लग काजळीने माखला आणि सायलेन्सरला कच्च्या पेट्रोलचा वास येऊ लागला. जाणत्याला एवढ्या लक्षणांवरून रोगाचे स्थान कळावे. आयडलचा कारभार पायलट जेटाकडे, किंचित पुढचा स्लाइडच्या कापाकडे, पाव ते पाऊण थ्रॉटलपर्यंतचा निडल आणि निडल जेट या जोडीकडे, आणि त्यापुढचा मेन जेटाकडे, अशी ही वाटणी असल्यामुळे, मधेच बिघडलेल्या गाडीची चौकशी निडल जेटापासून सुरू व्हावी हे उघड आहे.

पेढीवाल्याला मात्र ते उघड नव्हते, किंवा त्याला ते उघड होऊ द्यायचे नव्हते. "पेट्रोलमध्ये इथेनॉल येतंय ना आता, त्याचा परिणाम," असे तो गल्ल्यातल्या नोटांवरून नजर न काढता म्हणाला. पुढच्या खेपेस मिस्त्री अडाणी ठरला. त्याही पुढे, उघडलेला माल परत घेण्याची वहिवाट नाही हे भिंतीवरील पाटीकडे बोट दाखवून सांगण्यात आले, आणि निघताना, "काका, या वयात स्कूटी घ्या की एखादी," हा फुकटचा सल्ला मिळाला. गल्ल्याजवळची दोन पोरे त्यावर हसली.

माझे एक स्नेही भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूम सांभाळतात. त्यांच्या टेबलावर दोन्ही जेट शेजारी ठेवले. जुन्यावर १०६५ हा आकडा बारीक, सरळ आणि एकसारख्या खोलीचा उमटलेला. नव्यावरही तोच, परंतु सहाचे पोट भरलेले आणि पाच एका अंगाला कललेला. या आकड्याचा अर्थ ०.१०६५ इंच, म्हणजे २.७० मिलिमीटरला लागून असलेला व्यास. त्यांनी २.७५ ची पिन गेज नव्या जेटात सोडली, आणि ती कोठेही न अडता, स्वतःच्या वजनाने खाली उतरून टेबलावर टक्कन वाजली. मी ती त्यांना पुन्हा सोडायला लावली. पाच शतांश मिलिमीटरने काय बिघडते, असे कोणी विचारील. तर इंधन अख्ख्या भोकातून चढत नाही, ते निडलभोवती उरलेल्या अरुंद कड्यातून चढते, आणि व्यासातील अल्प वाढसुद्धा त्या कड्याचे क्षेत्र भलतेच वाढवते. हातात जे ड्रिल सापडले ते त्या पितळात फिरवून कोणीतरी त्यावर आकडा ठोकला होता, यापलीकडे निष्कर्ष काढण्यासारखे काही उरले नाही.

म्हणून सांगतो, नवा भाग मोजून होईपर्यंत जुना भाग टाकू नका. झिजलेल्या जेटावरचा ठसादेखील पुरावा असतो. मेन जेटावरचा आकडा मिनिटाला वाहणारे घनसेंटिमीटर सांगतो, निडल जेटावरचा इंचातील व्यास सांगतो, तेव्हा "नंबर जुळला" म्हणणाऱ्याला कोणता नंबर ते विचारावे. स्लाइडवरील आकडा तर कापाची उंची एक सोळांश इंचाच्या हिशेबात देतो, आणि "कुठल्याही बुलेटला चालते" असे सांगून मला जी क्रोमची स्लाइड देऊ करण्यात आली तिच्यावर मुळी आकडाच नव्हता. गॅस्केटे आणि वॉशर किटातले चालतात, त्यात फारसे अडत नाही. रबराच्या रिंगा मात्र व्हिटॉनच्याच मागाव्यात, कारण वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलात जुने रबर फुगते. तेच इथेनॉल हवेतील पाणी ओढते आणि जस्तमिश्रित बॉडीच्या आत पांढरी भुकटी धरते, म्हणून गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबर रिकामे करावे. (पेढीवाल्याच्या बोलण्यात इतपत तथ्य होते, पण मधल्या पट्ट्यापुरती ही भकभक इथेनॉलने होत नाही.) फ्लँजचे नट ताकद लावून आवळू नयेत, फ्लँज वाकते आणि मग हवा चोरून शिरते. पावती घ्यावी, घाई करू नये, हे सर्वांना ठाऊक असतेच.

१९२७ साली तीन कंपन्यांच्या विलीनीकरणातून बर्मिंगहॅमला अमालचा जन्म झाला, आणि आज त्या नावाचे जेट सॅलिसबरीची बर्लेन ही कंपनी करते. मी तेथलाच मागवला. त्यात २.७० ची पिन अंगासरशी बसली, २.७५ ची तोंडाशीच थांबली, आणि ज्याला अडाणी ठरवले त्याच मिस्त्रीच्या हाताने बसवल्यावर मधला पट्टा स्वच्छ झाला. एकट्या जेटाला टपाल आणि जकात धरून अख्ख्या किटापेक्षा अधिक रक्कम पडली. ती पेढीवाल्याकडे मोजमापाच्या कागदासह रजिस्टर टपालाने लेखी मागितली आहे. पोचपावतीवर त्याची सही आली, उत्तर आलेले नाही.