डहाळी कुठे संपते आणि काटकी कुठे सुरू होते?

प्रश्न : फांदी, डहाळी, काटकी, काडी या शब्दांचे अर्थ जवळपास सारखेच वाटतात. मग कथा-कवितांतला पक्षी नेहमी डहाळीवरच का बसतो आणि चुलीत मात्र काटक्याच का जातात?

उत्तर : आपली समजूत अशी असते की ही उतरती मापं आहेत. मोठी ती फांदी, मग डहाळी, मग काटकी, शेवटी काडी. मापाचा वाटा आहे, पण थोडा. आंब्याची बोटभर जाडीची, पानांनी भरलेली डहाळी तोडून उन्हात टाकून द्या. महिन्याभराने जाडी-लांबी साधारण तेवढीच असेल, पण पानं वाळून गेलेली असतील आणि वाकवायला गेलात तर कडकन मोडेल. आता तिला डहाळी कोण म्हणेल? ती काटकी झाली. डहाळीत पाला हवा, ओल हवी, लवचीकपणा हवा. काटकी वाळलेलीच.

डहाळीचा थोरला भाऊ डहाळा. गाडा-गाडी, दांडा-दांडी तशीच ही जोडी. शेळ्यांपुढे टाकायला तोडतात तो डहाळा. हिवाळ्यात बाजारात येतो तो हरभऱ्याचा डहाळा तर फांदी नव्हेच, घाट्यांसकट उपटलेलं अख्खं रोप ते! पण हिरवा पाला आहे, तेवढ्यावर नाव चालून जातं.

पुढे शब्द ठरतो तो हातातल्या कामावरून. कणगी विणायला निरगुडीच्या लांब, सरळ, वाकणाऱ्या फांद्या काढल्या की ते फोक. (जुन्या शाळांतून फोकाचा आणखी एक उपयोग होता, तो वडीलधाऱ्यांना विचारा.) जाळायला आणलं की लाकूडफाटा. विषयाला फाटे फोडणारे लोक याच झाडाचे. शाखा हा संस्कृत शब्द मात्र आता झाडावर कमी आणि बँकेत जास्त सापडतो. ‘बँकेने नवी फांदी उघडली’ म्हटलं तर ठेवी काढून घ्यायला रांग लागेल.

आता तुमचा पक्षी. कवीला डहाळी आवडते ती गोड उच्चारामुळे, असं सांगतात. असेलही. पण खरं कारण ती वाकते, हे आहे. जास्वंदीच्या टोकावर शिंजीर बसला की ते खाली झुकतं आणि तो उडून गेला तरी क्षणभर हलत राहतं. पक्षी दिसेनासा झाल्यावरही त्याचं जाणं दिसत राहतं. एका शब्दात एवढं मिळत असेल तर लेखक तो का सोडेल? गडबड होते ती सवयीने लिहिताना. मग घारही डहाळीवर बसते. प्रत्यक्षात तिच्या वजनाला चांगली दणकट फांदी लागते. कावळ्याचं घरटंही डहाळ्यांचं नसतं. वैशाखात खिडकीतून बघा : तो वाळलेलं टोक चोचीत धरून मोडतो, नेताना निम्मं खाली पाडतो आणि झाडाखाली पडतो तो काटक्यांचाच सडा.

राहिली काडी. तिला पाला नाही, वजन नाही, म्हणून किंमतही नाही. बुडत्याला आधार काडीचा, आणि घटस्फोट म्हणजे काडीमोड. ती झाडाचीच असली पाहिजे असंही नाही. गवताची चालते, आगपेटीची चालते.

इथपर्यंत सगळं नीट बसतं. फक्त हे नाशिककडच्या द्राक्षबागेत सांगायला जाऊ नका. तिथे वेलीची जिवंत, पानांनी भरलेली फांदी हीच काडी. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ती फुटते, पावसाळाभर पोसते आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तिच्यावरच्या डोळ्यांतून घड निघतात. बागाईतदार एकमेकांना ‘काडी तयार झाली का?’ असं विचारतात, तेव्हा वर्षाचं उत्पन्न त्या काडीवर असतं.