आय.व्ही.ला कुठे जायचं? – भारतातली बहुसांस्कृतिक शहरे

इंडस्ट्रियल व्हिजिट म्हटलं की प्लॅन ठरलेलाच असतो : एक दिवस फॅक्टरी आणि पाच दिवस उटी! पण त्याच रजेत अशी शहरं बघून होतात, जिथे चार भाषांचे, चार धर्मांचे लोक शेकडो वर्षं एकाच गल्लीत राहिले. आपल्या मेसमध्ये टेबलंसुद्धा प्रांतवार वाटलेली असतात (नाही म्हणू नका!). तेव्हा या शहरांना हे कसं जमलं, आणि कुठे फसलं, हे बघण्यासारखं आहे.

'विविधतेत एकता' हा निबंध आपण सगळ्यांनी लिहिलाय. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे मी तो इंग्लिशमध्ये लिहायचे, एवढाच फरक. पण शहरात किती धर्मांची प्रार्थनास्थळं आहेत हे मोजून फारसं काही कळत नाही, असं माझं मत आहे. त्यापेक्षा दोन प्रश्न विचारावेत. हे लोक इथे कोणत्या कामासाठी आले? आणि आज त्या जागेची चावी कोणाकडे आहे?

कोची

१३४१ साली पेरियार नदीला मोठा पूर आला, कोडुंगल्लूरचं जुनं बंदर गाळाने मागे पडलं आणि कोचीचं बंदर पुढे आलं, असं मानलं जातं. मिरीच्या व्यापारासाठी मग सगळं जगच इथे उतरलं. पोर्तुगीज आले, डच आले, शेवटी इंग्रज. फोर्ट कोचीच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला १५२४ साली पुरलं होतं. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. कबरीची जागा अजून दाखवतात.

मट्टनचेरीचं परदेसी सिनेगॉग १५६८ चं. खाली निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा, वर काचेची झुंबरं. पण खरी गंमत बाहेर आहे. ते राजवाड्याला आणि तिथल्या देवळाला अगदी चिकटून उभं आहे, कारण जागा कोचीच्या राजाने दिली. जवळच गोव्याहून गेलेल्या गौड सारस्वतांचं तिरुमल देवस्थान आहे. पोर्तुगीजांच्या जाचामुळे निघालेली ही मंडळी आजही घरात कोंकणी बोलतात, आणि आपल्याला त्यातलं बरंचसं कळतं! ज्यूंचाही महाराष्ट्राशी संबंध आहे. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायल, म्हणजे 'शनिवार तेली', त्यांना धर्मशिक्षण द्यायला कोचीचे ज्यू शिक्षक आले होते.

आता चावी. १९४८ मध्ये इस्रायल झाल्यावर बहुतेक ज्यू तिकडे गेले. कोणी हाकललं नाही, स्वखुशीने गेले. पण सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात आणि आज मट्टनचेरीत परदेसी ज्यू जवळजवळ उरलेच नाहीत. तिकीट काढून आत जाणारे आपण सगळे प्रेक्षक.

मेकॅनिकलवाल्यांनी किनाऱ्यावरची चिनी जाळी चुकवू नयेत. एका बाजूला अवाढव्य जाळं, दुसऱ्या बाजूला दोरांना टांगलेले मोठे दगड. दोरांची लांबी वेगवेगळी असते. जाळं वर येऊ लागलं की एकेक दगड फळीवर टेकतो आणि तोल टप्प्याटप्प्याने बदलत जातो. एक माणूस मुख्य वाशावरून चालत पुढे गेला तरी जाळं पाण्यात उतरतं. मोमेंटचं प्रॅक्टिकल यापेक्षा चांगलं कुठल्या लॅबमध्ये होणार?

तंजावर

इथे माणसांना बंदराने नाही, दरबाराने आणलं. तमिळ मुलूख, आधी तेलुगू नायक आणि १६७० च्या दशकात शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांच्यापासून मराठे, ते थेट १८५५ पर्यंत. त्यागराजांनी इथून जवळच तिरुवैयारूला कृती रचल्या. राज्य मराठ्यांचं, प्रजा तमिळ आणि कृतींची भाषा बहुतेक तेलुगू! बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजी दुसरे यांनी १८०३ साली भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरून घेतला, आणि सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागद आहेत. तंजावरी मराठी बोलणारी घरं अजून आहेत. म्हणजे इथे चावी घरातच राहिली म्हणायची.

जमशेदपूरबद्दल एवढंच सांगते : टाटांच्या पोलाद कारखान्यातून १९१२ मध्ये पहिलं पोलाद निघालं आणि आदिवासी मुलखात बंगाली, पंजाबी, तमिळ, पारशी असं शहर उभं राहिलं. व्हिजिट मिळाली तर सोडू नका.

कोलकाता

आर्मेनियन चर्च १७२४ चं, मागेन डेव्हिड सिनेगॉग १८८४ चं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे काही हजार ज्यू होते, आता मूठभर. पण सिनेगॉगची देखभाल करणारी कुटुंबं मुसलमान आहेत, आणि ज्यू गर्ल्स स्कूलमध्ये बहुसंख्य मुली मुसलमान! चावी दुसऱ्याच्या हातात गेली, तरी कुलूप रोज उघडतं. सगळ्या लेखात मला हेच सगळ्यात जास्त आवडलं.

याच शहराची दुसरी बाजूही सांगायला हवी. अठराव्या शतकाच्या शेवटी एका चिनी माणसाने बजबजजवळ साखरेचा कारखाना काढला. त्या गावाला आजही अछिपूर म्हणतात. पुढे कॅन्टनचे सुतार आले, हक्का लोकांनी टांगऱ्यात चामड्याचे कारखाने काढले. १९६२ च्या युद्धात देशभरातून सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना पकडून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवलं. त्यात इथेच जन्मलेली मुलंसुद्धा होती. काहींना काही वर्षं. गुन्हा काय, तर आडनाव. परतल्यावर अनेकांची घरं-दुकानं गेलेली होती. मग बरेच जण कॅनडाला गेले. नंतर कोर्टाच्या आदेशाने चामड्याचे कारखानेही बांतल्याला हलले, टांगऱ्यात हॉटेलं उरली. तिथल्या चिनी काली मंदिरात प्रसादाला नूडल्स असतात, हे सगळे हौसेने सांगतात. देवळीचं कोणी सांगत नाही.

टूर कमिटीसाठी : सिनेगॉग शनिवारी बंद असतं, ओळखपत्र जवळ ठेवा. टिरेट्टा बाजारातला चिनी नाश्ता पहाटे मांडतात आणि लवकर संपतो, तेव्हा अलार्म लावूनच झोपा.