पावसाळ्यातील बाग : मित्र कोण, शत्रू कोण?

पावसाची झड लागली की हैदराबादकडील बागा आठवडाभरात ओळखू येईनाशा होतात. बांधावर कुर्डू उगवते, माळावर तरवड पिवळाधमक फुलतो, आणि त्यांच्यामागोमाग किड्यांची फौज येते. किडा दिसला की फवारणीचा पंप पाठीवर घ्यायचा, ही आपली सवय. आम्हीही तेच करीत होतो. एका पावसाळ्यात वांग्याच्या पानांवर ठिपक्यांचे भुंगे दिसले म्हणून साऱ्या बागेवर औषध मारले. पंधरवड्यात शेजारच्या चवळीवर एवढा मावा पडला की शेंगा काळ्या, चिकट झाल्या.

आमची चूक पाहण्यात होती. ठिपक्यांचे भुंगे सगळे एक नसतात. वांग्यावरचा भुंगा मळकट तांबूस, अंगावर बारीक लव, पाठीवर १२ किंवा २८ ठिपके. त्याची अळी पिवळी व काटेरी असते. ती पान खरवडून त्याची जाळी करते. ढालकिडा मात्र चकचकीत, आणि त्याचे मुख्य खाणे मावा. त्याची अळी काळपट, लांबोडी, नारिंगी ठिपक्यांची. दिसायला भयंकर, म्हणून बिचारी आधी चिरडली जाते! अंडी दोघांचीही पिवळी, पुंजक्याने घातलेली. तेव्हा पानाला जाळी पडली आहे की मावा लागला आहे, हे पाहूनच हात लावावा. वांग्यावरच्या अळ्या सकाळी वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या तर परसबागेपुरते काम भागते.

मावा नसतो तेव्हा ढालकिडा फुलांतील परागावर निभावून नेतो. म्हणून बांधावरची सगळीच रानफुले उपटू नयेत. आमचे तेलुगू शेजारी कुर्डूला गुनुगु आणि तरवडाला तंगेडू म्हणतात. बतुकम्माच्या सणाला हीच फुले रचतात. कुर्डूच्या कोवळ्या पानांची भाजीही होते. पिकात शिरलेली कुर्डू मात्र बी धरण्याआधी काढावी. गाजर गवताला तर कोठेच थारा नको. त्याने अंगाला खाज सुटते. हाताला फडके बांधून फुलण्यापूर्वी ते उपटावे.

किड्याची जात ओळखण्याचे मोल येथल्याच सिकंदराबादेत एकदा जगाला कळले. डॉ. रोनाल्ड रॉस १८९५ पासून हिवतापाच्या रोग्यांना चावलेले डास चिरून पाहत होते. हाती काही लागेना, कारण डासाची जातच चुकीची होती. अखेर २० ऑगस्ट १८९७ रोजी ठिपकेदार पंखांच्या डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना हिवतापाचे जंतू सापडले. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तो डास आपल्याही बागेत ओळखता येतो. त्याची अळी पाण्याच्या पृष्ठाला समांतर, आडवी पडून राहते. इतर डासांच्या अळ्या डोके खाली करून तिरप्या लोंबतात. येथे मात्र मित्र कोणीच नाही. पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा डास डेंग्यू पसरवतो, आणि तो घरातल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून रांजण, कुंड्यांखालच्या ताटल्या व गुरांची डोणी दर आठवड्याला ओतून, आतून घासून कोरडी करावी. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात.