डबा घरचा, संगणक कोणाचाही
(खुल्या सॉफ्टवेअरच्या कामासाठी कंटेनर : एक अभ्यास)



सातारा-सांगलीकडच्या घरांत एस.टी.ने डबा पाठविण्याची रीत जुनी आहे. मूल शहरात शिकते, आई गावी असते. सकाळच्या गाडीने डबा निघतो आणि भाकरी-कालवण जसे घरी झाले तसेच मुलाच्या हाती पडते. मुलाच्या खोलीवर चूल आहे की नाही, तिखट-मीठ आहे की नाही, याची चौकशी कोणी करीत नाही. संगणकाच्या क्षेत्रातील 'कंटेनर' ही पद्धत समजून घेण्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

अडचण कोठे येते?

ज्या सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली कोणासही वाचता, बदलता व वाटता येते ते खुले सॉफ्टवेअर होय. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेले लिनक्स हे त्याचे ठळक उदाहरण. आपल्या सांगलीत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा लिनक्स यूजर्स ग्रुप अशा सॉफ्टवेअरच्या कार्यशाळा घेत आला आहे. या कामात जात, गाव, फी यांपैकी काहीच विचारले जात नाही. तुमची दुरुस्ती योग्य आहे काय, एवढेच पाहिले जाते.

परंतु दारातच एक उंबरठा आहे. आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गातील एका मुलाला एका खुल्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी शब्द चुकीचा आढळला. दुरुस्ती एका ओळीची होती. मात्र ती पडद्यावर पाहण्यासाठी पायथनची ठरावीक आवृत्ती, डेटाबेस आणि अनेक पूरक लायब्रऱ्या बसवाव्या लागत होत्या. साताऱ्याच्या या मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर एक चूक दिसे, तर सांगलीच्या मुलीच्या लॅपटॉपवर दुसरीच. तीन रविवार असेच गेले. चौथ्या रविवारी मुलगा आला नाही. "मला हे जमायचं नाही," असे त्याने घरी सांगितले होते. वास्तविक त्याची बुद्धी कोठेच कमी पडली नव्हती. त्याच्या संगणकावरील पायथनची आवृत्ती जुनी होती. हे त्याला वेळीच न सांगण्याची चूक आम्हा शिकवणाऱ्यांची होती.

कंटेनर म्हणजे काय?

सॉफ्टवेअर चालण्यास जे जे लागते ते सर्व एकत्र बांधून वेगळ्या कप्प्यात चालविणे म्हणजे कंटेनर. कल्पना जुनी आहे. युनिक्समध्ये १९७९ सालीच एखाद्या प्रोग्रॅमला ठरावीक फोल्डरपुरतेच जग दाखविण्याची सोय झाली होती. पुढे लिनक्सच्या गाभ्यात अशा कप्प्यांची व त्यांना मेमरी वाटून देण्याची व्यवस्था आली. २०१३ साली 'डॉकर' प्रसिद्ध झाले आणि ही सोय सामान्य प्रोग्रॅमरच्या हाती आली. 'पॉडमन' हे त्याच प्रकारचे दुसरे खुले साधन आहे.

येथे तीन शब्द नीट ध्यानात ठेवावेत. डॉकरफाइल म्हणजे पाककृतीचा कागद. त्यावरून तयार होते ती इमेज, म्हणजे भरलेला डबा. तो उघडून जेवायला बसणे म्हणजे कंटेनर चालू होणे. एका इमेजवरून कितीही कंटेनर चालविता येतात.

मांडणी कशी करावी?

१) लिनक्स असल्यास डॉकर किंवा पॉडमन सरळ बसवावे. विंडोजवर प्रथम 'डब्ल्यूएसएल २' ही सोय चालू करावी लागते.

२) डॉकरफाइलमध्ये पहिल्या ओळीत मूळ इमेज आवृत्तीच्या आकड्यासह लिहावी. नुसते 'लेटेस्ट' लिहिल्यास आज चालणारे उद्या बिघडू शकते.

३) लायब्रऱ्यांची यादी आधी आत घेऊन त्या बसवाव्यात आणि आपली आज्ञावली नंतर घ्यावी. इमेज थराथराने बनते. जो थर बदलला तेथून पुढचेच काम पुन्हा होते. क्रम उलटा केल्यास प्रत्येक किरकोळ बदलाला सर्व लायब्रऱ्या पुन्हा उतरवाव्या लागतात.

४) कंटेनर चालविताना आज्ञावलीचा फोल्डर आपल्याच डिस्कवर ठेवून आत जोडावा. कंटेनर पुसला तरी आपले काम शाबूत राहते.

५) डेटाबेस वेगळ्या कंटेनरमध्ये ठेवावा, त्याची माहिती 'व्हॉल्यूम'मध्ये साठवावी आणि दोन्ही कंटेनर 'कंपोज' फाइलने एकदम सुरू करावेत.

६) या सर्व फाइली प्रकल्पातच ठेवाव्यात. नव्याने येणाऱ्याला मग एकच आज्ञा द्यावी लागते.

खर्चाचा विचार

आपल्या मुलांपाशी इंटरनेटचा डेटा मोजका असतो. म्हणून एकाने इमेज उतरवावी, 'डॉकर सेव्ह' या आज्ञेने तिची फाइल करून पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि इतरांनी 'डॉकर लोड'ने ती आपल्या संगणकावर भरावी. मूळ इमेज शक्य तितकी लहान निवडावी. विंडोजवर चार जीबी मेमरीच्या लॅपटॉपची फार ओढाताण होते. तेथे लिनक्स बसविणे सोयीचे.

सावधगिरी

पासवर्ड इमेजमध्ये कधीही ठेवू नये. इमेज ज्याच्या हाती जाईल त्याला तो वाचता येतो. तसेच कंटेनर ही पक्की तिजोरी नव्हे. सर्व कंटेनर लिनक्सचा एकच गाभा वाटून वापरतात, म्हणून अनोळखी माणसाची इमेज चालवू नये.

समारोप

आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो, चूक आमची होती हे त्याच्या आईवडिलांसमोर सांगितले आणि पेन ड्राइव्ह सोबत दिला. पुढच्या रविवारी जेवणाच्या सुट्टीपूर्वी दोन्ही लॅपटॉपवर तेच सॉफ्टवेअर सारखेच चालू झाले. त्याने दुरुस्ती पाठविली. तपासणाऱ्यांनी एक बदल सुचविला, तो त्याने केला आणि दुरुस्ती स्वीकारली गेली. शब्द एकच बदलला, पण आता तो मुलगा नव्या मुलांचे लॅपटॉप मांडून देतो.

संगणकावर चूक दिसली की आपल्यालाच अक्कल नाही असे मानून किती मुले मागे फिरत असतील! अशा मुलाला पुस्तकाआधी चालू स्थितीतला डबा हाती द्यावा. पाककृती तो मग आपणहून वाचेल.