ग्राफिक्स कार्डाची निवड: नांव पाहावें कीं गुण?

सुट्टीपूर्वीं एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "सर, ग्राफिक्स कार्ड कोणत्या कंपनीचें घ्यावें?" त्याच्या वडिलांनीं त्यासाठीं वर्षभर पैसे साठविले होते, निवड चुकली तर ते पुन्हां लवकर साठण्यासारखे नव्हते. असा प्रश्न इतरांसही पडत असेल, म्हणून हा लहानसा पाठ.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. कार्डाचें हृदय म्हणजे त्यांतील चिप. तिच्या मुख्य कंपन्या तीन: १९९३ सालीं स्थापन झालेली एनव्हिडिया, २००६ सालीं कॅनडांतील एटीआय विकत घेऊन या धंद्यांत आलेली एएमडी, आणि २०२२ सालीं आर्क कार्डें घेऊन उतरलेली इंटेल. खोक्यावर दिसणारीं असूस, एमएसआय, सफायर हीं नांवें मात्र चिपेला पंखे वगैरे जोडून कार्ड बनविणारांचीं आहेत. चिप एकच असल्यास अशा दोन कार्डांच्या वेगांत फरक थोडा असतो. आवाज, उष्णता व हमी यांत अधिक असतो.

दुसरें, काम कोणतें तें ठरवावें. यंत्रशिक्षणाचीं पुष्कळ साधनें एनव्हिडियाच्या कुडा प्रणालीवर रचलेलीं आहेत. लिनक्स वापरणारांस एएमडीचें कार्ड सोयीचें पडतें, कारण त्याचा ड्रायव्हर खुला असून लिनक्सच्या गाभ्यांतच समाविष्ट आहे. इंटेलचें आर्क कार्ड जुन्या संगणकांत आपलें पूर्ण बळ दाखवीत नाहीं. केवळ अभ्यास व लेखन करावयाचें असेल, तर प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स बहुधा पुरे होतें.

तिसरें, नांवास भुलूं नये. आरटीएक्स ३०६० हें कार्ड २०२१ सालीं १२ जीबी स्मृतीसह निघालें. पुढल्याच वर्षीं त्याच नांवानें ८ जीबीचें कार्ड विक्रीस आलें. त्यांत स्मृतीची वाटही १९२ बिटांवरून १२८ बिटांवर आली होती. नांव तेंच, परंतु माल उणा! यास्तव खोक्यावरील बारीक अक्षरें आधीं वाचावीं.

चौथें, विजेचा हिशेब करावा. आरटीएक्स ४०६० व आरएक्स ७६०० हीं दोन्ही २०२३ सालचीं, ८ जीबीचीं कार्डें. पण पहिल्यास ११५ वॅट लागतात, दुसऱ्यास १६५. घरच्या संगणकाच्या पॉवर सप्लायला तो भार झेपेल काय, आणि कार्ड पेटींत मावेल काय, हें विकत घेण्यापूर्वींच पाहावें.

आमच्या त्या विद्यार्थ्यानें घरीं जाऊन पेटी उघडली, तेव्हां पॉवर सप्लाय अपुरा असल्याचें त्यास आढळलें. त्यानें कांहीं रक्कम तिकडे वळविली व कार्ड एक पायरी खालचें घेतलें. "सर, मित्रांपेक्षां माझें कार्ड लहान आहे," तो म्हणाला, "पण वडिलांस कर्ज काढावें लागलें नाहीं."

बुरूज बांधूं पाहणाऱ्या मनुष्याचा प्रभूनें सांगितलेला दृष्टान्त आपणांस ठाऊकच आहे. जो आधीं बसून खर्चाचा हिशेब करितो, त्याचें काम अर्धवट राहत नाहीं. विद्यार्थ्यांनो, कंपनीचा अभिमान बाळगण्यापेक्षां आईबापांच्या घामाची किंमत ओळखणें हीच निवडीची पहिली पायरी होय.