सिलिकॉन इम्प्लांट : कार्ड जपून ठेवा

प्रश्न : वय २६. स्तनांचा आकार वाढवण्यासाठी सिलिकॉन इम्प्लांट बसवायचा विचार आहे. कॅन्सर होतो म्हणतात, खरं का?

उत्तर : स्तनाचा नेहमीचा कॅन्सर इम्प्लांटमुळे वाढतो, असं आढळलेलं नाही. मात्र खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती क्वचित एक प्रकारचा लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) होतो. त्यामुळेच २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीने आपली खरखरीत बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत मागवली. म्हणून गुळगुळीत प्रकाराबद्दल विचारा.

मला जास्त काळजी वाटते ती पुढच्या वर्षांची. इम्प्लांट जन्मभर टिकत नाही. पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते, तो खर्च आत्ताच धरा. भोवतीचं आवरण आवळून स्तन कडक होऊन दुखू शकतो. आतलं जेल घट्ट असल्याने इम्प्लांट फाटलं तरी बाहेरून कळत नाही. म्हणून पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा. पुढे मॅमोग्राफी करताना इम्प्लांट असल्याचं आधी सांगा. एक बाजू अचानक सुजली तर डॉक्टरांना दाखवायला थांबू नका.

फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने इम्प्लांटमध्ये औद्योगिक सिलिकॉन भरल्याचं २०१० मध्ये उघड झालं, तेव्हा आपल्यात कोणतं इम्प्लांट आहे हे स्त्रियांना माहीत असणं महत्त्वाचं ठरलं. कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर लिहिलेलं कार्ड डिस्चार्जच्या वेळी मागूनच घ्या.